राजमुद्रेची इनॅमल पिन बनते कशी? एक इंचाच्या बिल्ल्यामागची संपूर्ण प्रक्रिया

दरवर्षी ६ जूनला रायगडावर शिवराज्याभिषेक दिन साजरा होतो. तिथीप्रमाणे, म्हणजे ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीलाही सोहळा असतोच. २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ च्या सत्याग्रहाच्या आठवणीने लोक जमतात. दोन्ही दिवशी गर्दीत एक गोष्ट हमखास दिसते, ती म्हणजे छातीवर लावलेली चकचकीत धातूची पिन. कुणाच्या पिनवर राजमुद्रा असते, कुणाच्या जिरेटोप, कुणाच्या अशोकचक्र, तर कुणाच्या पिनवर आपल्या मंडळाचं किंवा गावाचं नाव.

आपल्या मंडळासाठी, पथकासाठी किंवा दहावीच्या जुन्या बॅचसाठी अशी पिन करून घ्यावी, असं महाड-पोलादपूरकडच्या अनेकांच्या मनात येतं. डिझाइन व्हॉट्सॲपवर पाठवलं की पिन तयार, असा समज असतो. प्रत्यक्षात तयार पिन हातात येते तेव्हा अक्षरं बुजलेली असतात, एखादी वेलांटी भलतीकडे गेलेली असते, भगव्याच्या जागी नारिंगी आलेला असतो. यातल्या बहुतेक चुका कारखान्यात होत नाहीत, त्या डिझाइन पाठवण्याआधीच झालेल्या असतात. त्या टाळायच्या तर पिन बनते कशी हे माहीत असायला हवं.

बिल्ला आणि इनॅमल पिन यांत फरक काय?

कोटाच्या गळ्याची पुढे मुडपलेली पट्टी म्हणजे लॅपल. तिथे लावायची म्हणून ही लॅपल पिन. बोलीत तिला बिल्ला किंवा बॅच म्हणतात, पण सगळे बिल्ले एका पद्धतीने बनत नाहीत. बोट फिरवलं की फरक कळतो.

• बटण बिल्ला: पत्र्याच्या गोल चकतीवर छापील कागद आणि वर पारदर्शक प्लास्टिक. सगळ्यात स्वस्त. निवडणुकीत आणि मोर्चात दिसतो तो बहुधा हाच.

• छापील पिन: धातूच्या पट्टीवर छापलेलं चित्र आणि त्यावर राळेचा, म्हणजे रेझिनचा, पारदर्शक फुगीर थर. दोन रंगांच्या मध्ये धातूची रेघ नसते.

• सॉफ्ट इनॅमल: रंग खोलगट भागात असतो आणि धातूच्या रेघा वर आलेल्या असतात. बोटाला उंच-सखलपणा जाणवतो.

• हार्ड इनॅमल: रंग आणि धातू एकाच पातळीत. पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत लागतो.

• रंगाविना ठसा: फक्त धातू, नाण्यासारखा. खोलगट भाग काळपट केला की उठाव चांगला दिसतो.

‘इनॅमल’ हा शब्द मूळचा काचेच्या मुलाम्याचा. काचेची रंगीत पूड धातूवर पसरून साधारण ७५० ते ८५० अंश सेल्सिअसला भाजली की ती वितळून धातूला कायमची चिकटते. जयपूरची मीनाकारी ही याच कुळातली. आजच्या बहुतेक पिनांमध्ये मात्र काच नसते. त्यात रेझिनवर आधारलेले रंग असतात आणि ते त्याहून कितीतरी कमी उष्णतेवर, भट्टीऐवजी ओव्हनमध्ये वाळवले जातात. नाव तेच राहिलं, पदार्थ बदलला.

मूळ तत्त्व शिवराईचंच

पिन बनवण्याचं तत्त्व रायगडाला नवीन नाही. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई चलनात आणली. त्या काळी नाणं पाडायचं तर दोन ठसे लागत. खालच्या ठशावर धातूची चकती ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि हातोड्याचा घाव घालायचा. ठशात उलटं आणि खोल कोरलेलं अक्षर नाण्यावर सुलटं आणि उठून येई.

आजची पिनही अशीच उठते. फरक इतकाच की हातोड्याची जागा कित्येक टन दाब देणाऱ्या प्रेसने घेतली आणि हाताने कोरलेल्या ठशाची जागा संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या यंत्राने.

शिवराईकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तिच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ एवढंच आहे. मजकूर मोजका, अक्षरं मोठी. तरीही चकती ठशापेक्षा लहान पडली की कडेची अक्षरं बाहेर जात. म्हणून आज मिळणाऱ्या बऱ्याच शिवराया अर्धवट वाचता येतात. छोट्या जागेत किती लिहायचं, हा प्रश्न साडेतीनशे वर्षांनंतरही तोच आहे.

पिन बनण्याचे टप्पे

१. रेखाटन. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो इथे उपयोगाचा नसतो. फोटो ठिपक्यांचा बनलेला असतो आणि मोठा केला की फाटतो. यंत्राला रेघांची फाइल लागते, जिला व्हेक्टर म्हणतात. कोरलड्रॉ किंवा इलस्ट्रेटरमध्ये ती तयार होते. गावातला डीटीपीवाला हे काम करू शकतो, मात्र पिनचे नियम त्याला आधी सांगावे लागतात. प्रत्येक रंगाभोवती धातूचं कुंपण हवं. एका रंगाने दुसऱ्यात विरघळत जाणं, म्हणजे छटा, इनॅमलमध्ये जमत नाही.

२. साचा. पोलादाच्या ठोकळ्यावर यंत्राने डिझाइन उलटं कोरतात. पिनवर जी रेघ उठून दिसायची, ती साच्यात खोल जाते. कोरून झालं की साचा तापवून कडक करतात, नाहीतर दाबाखाली तो स्वतःच दबेल. कडक होण्याआधी एखादा राहून गेलेला अनुस्वार कोरून घालता येतो, कारण ते फक्त आणखी खोदणं आहे. जास्तीचा अनुस्वार मात्र पुसता येत नाही. खोदलेलं पोलाद भरून काढण्यापेक्षा नवा साचा करणं सोपं पडतं. पिनच्या सगळ्या प्रक्रियेत मागे न फिरता येणारी पायरी हीच.

३. ठसा. पितळ, तांबं किंवा लोखंडाची साधारण दीड मिलिमीटर जाडीची पट्टी साच्याखाली जाते. एका दाबात आकृती उठते. मग वेगळा कातर-साचा बाहेरची कड कापतो. आकृतीच्या आत आरपार भोकं हवी असतील तर त्यासाठी आणखी हत्यार लागतं, म्हणजे आणखी खर्च. भोकं जास्त असतील किंवा आकार उंच-सखल मूर्तीसारखा असेल तर जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम करतात. जस्त ४२० अंशांच्या आतच वितळतं, त्यामुळे ते साच्यात ओतणं सोपं जातं.

४. टोक जोडणं. पिनच्या मागे टोचणारी सुई डाख देऊन बसवतात. छोट्या गोल पिनला एक पुरते. तलवारीसारखी लांबट किंवा तीन सेंटिमीटरहून मोठी पिन एका सुईवर फिरते आणि सरळ तलवार चालता चालता उलटी होते. अशा पिनला दोन सुया सांगाव्यात.

५. मुलामा आणि रंग. इथे सॉफ्ट आणि हार्ड इनॅमलचे रस्ते वेगळे होतात. सॉफ्टमध्ये आधी निकेल, सोनेरी किंवा काळा मुलामा चढतो, मग बारीक सुईच्या नळीने एकेका खणात रंग भरतात आणि ओव्हनमध्ये वाळवतात. वाळताना रंग थोडा बसतो, म्हणून रेघा वर राहतात. हार्डमध्ये खण काठोकाठ भरतात, वाळवतात, पुन्हा भरतात आणि मग रंग व धातू एकत्र घासून सपाट करतात. या घासण्यात मुलामा टिकला नसता, म्हणून तो शेवटी देतात. रंगातून वीज वाहत नाही, त्यामुळे विजेने चढवला जाणारा मुलामा फक्त उघड्या धातूच्या रेघांवर बसतो आणि रंग कोरडा राहतो.

रंग भरण्याचं काम अजूनही बऱ्याच ठिकाणी हातानेच होतं. एका पिनमध्ये सात खण असतील आणि पिना पाचशे असतील, तर कुणीतरी साडेतीन हजार वेळा ती सुई टेकवलेली असते.

६. तपासणी आणि पाठची टोपी. शेवटी डाग, कमी भरलेले खण, वाकड्या सुया वेगळ्या काढतात. मागे फुलपाखरासारखी धातूची चाप, रबराची टोपी किंवा चुंबक येतं. गर्दीत आणि चढणीवर रबराची टोपी जास्त घट्ट बसते. साडी किंवा रेशमी कुर्त्याला भोक नको असेल तर चुंबक बरं, पण हृदयाचा पेसमेकर असलेल्यांनी चुंबकाची पिन छातीवर लावू नये.

खरी अडचण: देवनागरी

पिनची जगभरातली पद्धत रोमन अक्षरांना सोयीची आहे. रोमन अक्षर एका ओळीत उभं राहतं. देवनागरीला वर शिरोरेषा, त्यावर मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, रुकार. एका ओळीचे खरं तर तीन मजले होतात.

राजमुद्रेचंच उदाहरण घ्या. शिवाजी महाराजांची मुद्रा अष्टकोनी आहे आणि तिच्यावर ३२ अक्षरांचा अनुष्टुभ छंदातला संस्कृत श्लोक आहे, जोडाक्षरांनी भरलेला. पिन २५ मिलिमीटरची, म्हणजे साधारण एक इंचाची धरली, तर कड आणि मोकळी जागा सोडून मजकुराला जेमतेम १८ मिलिमीटर उंची उरते. सहा ओळी केल्या तर एका ओळीला ३ मिलिमीटर येतात. त्यातली निम्मी उंची वरच्या-खालच्या मात्रा खातात. मुख्य अक्षराला दीड मिलिमीटर. धातूची रेघ साधारण पाव मिलिमीटरपेक्षा बारीक नीट उठत नाही. दीड मिलिमीटरच्या ‘ष्णु’मध्ये पाव मिलिमीटरच्या किती रेघा आणि त्यांच्यामधली किती पोकळी मावणार? अक्षराचं पोट बुजतं आणि श्लोकाची नक्षी होते. बाजारातल्या कित्येक राजमुद्रा दुरून ओळखता येतात पण जवळून वाचता येत नाहीत, त्याचं कारण हे.

यावर उपाय तीन. पिन ३५ ते ४० मिलिमीटरची करावी. किंवा अक्षरांत रंग न भरता नुसता धातूचा ठसा घ्यावा आणि खोलगट भाग काळा करावा. किंवा श्लोक छापून घ्यावा आणि फक्त अष्टकोनी कड धातूची ठेवावी.

दुसरी अडचण फाँटची. मराठी डीटीपीत श्री-लिपीसारखे जुने फाँट अजून चालतात. तशी फाइल ज्या संगणकावर तो फाँट नाही तिथे उघडली की मराठीच्या जागी निरर्थक चिन्हं दिसतात. युनिकोड मजकूरही काही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये फुटतो: पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे न येता मागे जाते, जोडाक्षराचा पाय मोडून आडवा पडतो. पिना मुंबईत होवोत, अलीगढला होवोत की चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात, साचा कोरणाऱ्याला मराठी येतच असेल असं नाही. तो समोर दिसेल ते कोरतो. म्हणून फाइल पाठवण्याआधी अक्षरांचं रेघांमध्ये रूपांतर करून घ्यावं. मग ती अक्षरं राहत नाहीत, चित्र होतात, आणि कुठल्याही संगणकावर तशीच उघडतात.

तिसरी अडचण शुद्धलेखनाची, आणि ती कारखान्याची नव्हे. ‘पोलादपूर’मधला ‘पू’ दीर्घ, ‘राज्याभिषेक’मधली वेलांटी पहिली, आणि ‘षे’ पोटफोड्या. घाईत टाइप केलेलं ‘पोलादपुर’ एकदा साच्यात गेलं की ते तितक्याच ठामपणे दोनशे पिनांवर येतं.

चक्राचे चोवीस आरे

चवदार तळ्याच्या कार्यक्रमासाठी अशोकचक्राची पिन करायची तर अडचण अक्षरांची नसते, भूमितीची असते. चक्राला २४ आरे. चक्र १४ मिलिमीटर व्यासाचं धरलं तर कडेला दोन आऱ्यांमध्ये जवळपास १.८ मिलिमीटर जागा मिळते, रंग आरामात बसतो. पण मधल्या तुंब्याजवळ, केंद्रापासून दीड मिलिमीटरवर, एका आऱ्याच्या वाट्याला ०.४ मिलिमीटरही येत नाही. त्यातली पाव मिलिमीटर रेघच घेते. उरलेल्या फटीत रंगाची सुई शिरत नाही.

अशा वेळी काही कारागीर गुपचूप आरे कमी करतात. सोळा आऱ्यांचं चक्र लांबून चक्रच दिसतं, पण ते अशोकचक्र नसतं. त्यापेक्षा चक्र मोठं घ्यावं, किंवा आऱ्यांमधला भाग रंगाविना धातूचाच ठेवून फक्त भोवतालचा भाग निळा करावा. नमुना आल्यावर आरे मोजून पाहणं हा सगळ्यात सोपा बचाव आहे.

‘भगवा’ म्हणजे नेमका कोणता?

भगवा म्हटलं की एकाला गेरूकडे झुकणारा आठवतो, दुसऱ्याला केशरी, तिसऱ्याला नारिंगी. निळ्याचंही तसंच. मोबाइलच्या पडद्यावरचा रंग प्रत्येक फोनमध्ये वेगळा दिसतो. म्हणून या धंद्यात पँटोन नावाची क्रमांकांची पद्धत वापरतात. छापील रंगपत्रिकेतून एक क्रमांक निवडायचा आणि तोच कळवायचा. रंगपत्रिका मोठ्या छापखान्यात पाहायला मिळते. ‘आपल्या झेंड्यासारखा’ या वर्णनापेक्षा चार आकडी क्रमांक भरवशाचा.

कोकणातल्या हवेला कोणता धातू?

लोखंडी पिन स्वस्त पडते आणि नवी असताना पितळेच्या पिनेसारखीच दिसते. मुलामा शाबूत आहे तोवर ठीक. महाड-पोलादपूरचा पाऊस आणि दमट हवा लक्षात घेतली तर कडेला एक ओरखडा पुरे, तिथून गंज सुरू होतो आणि पांढऱ्या कुर्त्यावर तांबडा डाग पडतो. शंका असेल तर पिनेला चुंबक लावून पाहावं. लोखंड चिकटतं, पितळ नाही. काहींच्या त्वचेला निकेलची ॲलर्जी असते. पिन कपड्यावर असल्याने त्रास सहसा होत नाही, पण तीच पिन लॉकेट म्हणून गळ्यात घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पन्नास पिना महाग का पडतात?

साच्याचा खर्च एकदाच होतो, पिन एक असो की हजार. समजा साचा ४,००० रुपयांचा आहे आणि प्रत्येक पिनचं साहित्य-मजुरी ६० रुपये. तर ५० पिनांना एक पिन १४० रुपयांना पडेल, २०० पिनांना ८० रुपयांना आणि ५०० पिनांना ६८ रुपयांना. हे आकडे केवळ हिशेब कळावा म्हणून, दर मागणीनुसार बदलतात. पण चित्र असंच असतं: दोनशेपर्यंत किंमत झपाट्याने उतरते, पुढे फारशी नाही. दरवर्षी पिना करायच्या असतील तर डिझाइनवर साल घालू नये. साल नसेल तर तोच साचा पुढच्या वर्षी चालतो. साच्याची मालकी कुणाची आणि तो किती वर्षं जपून ठेवणार, हे ऑर्डर देतानाच लेखी विचारून घ्यावं.

वेळेचा हिशेब उलटा करावा. रेखाटन, साचा, नमुना, रंग आणि कुरिअर धरून चार-पाच आठवडे हाताशी हवेत. ६ जूनसाठी एप्रिलच्या अखेरीस आणि २० मार्चसाठी फेब्रुवारीच्या सुरुवातीला डिझाइन पक्कं झालेलं बरं. घाई झाली की पहिला बळी नमुन्याचा जातो, आणि नमुना न पाहता काढलेल्या पिनांवरच चुका सापडतात.

कायदाही पाहावा लागतो

पिना विकायच्या असतील तर दोन कायदे माहीत हवेत. बोधचिन्हं आणि नावं यांच्या गैरवापराला बंदी घालणाऱ्या १९५० च्या केंद्रीय कायद्याच्या परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र यांचा समावेश आहे. व्यापार-व्यवसायासाठी ते वापरण्यावर बंधनं आहेत आणि परवानगीचा अधिकार केंद्र सरकारचा आहे. राष्ट्रध्वजातलं अशोकचक्रही याच परिशिष्टात आहे. चार सिंहांच्या राजचिन्हासाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. ते चिन्ह खासगी पिनवर घालूच नये.

ऑर्डर देण्याआधी

• डिझाइन पिनच्या खऱ्या आकारात कागदावर छापून हातभर अंतरावरून वाचावं. कागदावर वाचता आलं नाही तर धातूवर येणार नाही.

• अक्षरांचं रेघांमध्ये रूपांतर झालंय का ते विचारावं.

• रंगांचे क्रमांक, धातू, जाडी, मुलामा, सुयांची संख्या आणि मागची टोपी हे सगळं लेखी असावं.

• कारखान्याकडून आलेलं अंतिम रेखाटन मूळ मजकुराशी अक्षर-अक्षर लावून पाहावं. ते टाइप करणाऱ्याने पाहू नये, दुसऱ्याने पाहावं.

• साचा कोरण्याआधी एकदा गावातल्या मराठीच्या शिक्षकांना दाखवावं. त्यांची पाच मिनिटं आणि लाल पेन इथे चार हजारांचा साचा वाचवतात.